टोपणासकट

कारखान्याच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या त्या गृहस्थाला सगळे ‘सीलबंद’ म्हणत, आणि त्यात लोकांची काही चूक नव्हती. त्याच्या ताब्यातला नट असो की मोटार, वेष्टनासकट यायची आणि वेष्टनासकटच जायची. निवृत्त झाल्यावर हा स्वभाव तो घरी घेऊन आला. रिमोट पिशवीत, सोफ्यावर प्लास्टिक, भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर कंपनीने चिकटवलेला पापुद्रा जसाच्या तसा. बायकोने एकदा तो सोलायला घेतला, तर स्वारी दिवसभर फुगून बसली होती.

दोन वर्षांपूर्वी तिला कानाचं मशीन घेतलं, तेव्हाही त्याने तिला मायेनेच बजावलं होतं, “नाजूक वस्तू आहे. घरात वाफ, पाणी, धूळ. बाहेर जाताना घालत जा.” तिने ते तंतोतंत पाळलं. बाहेर ती चारचौघांशी झकास बोलायची. घरात पाऊल टाकलं की मशीन डबीत आणि डबी कपाटात. मग तो काहीही बोलला तरी ती हसून “हो” म्हणायची. खिडकी लावू का? हो. खिडकी उघडू का? हो. इतकी गुणी बायको कुणाला मिळते, असं त्याला पहिले काही महिने वाटलंसुद्धा.

पण संध्याकाळची मालिका बघायला ती बसेनाशी झाली. पूर्वी दोघं मिळून त्यातल्या सासूला नावं ठेवायचे. आता ती आतल्या खोलीत विणकाम घेऊन बसायची, आणि एकट्याने नावं ठेवण्यात काडीची मजा नसते. टीव्हीचा आवाज वाढवला, तर वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई वह्यांचा गठ्ठा घेऊन दारात हजर. शिवाय तो आवाज बायकोला नुसता फाटका लागायचा. शेवटी दुकानदाराने सांगितलं, होम थिएटर घ्या, त्यातला मधला स्पीकर बोलणं अगदी स्वच्छ काढून देतो. त्याने ते दुसऱ्याच दिवशी घेतलं. ती पुन्हा शेजारी येऊन बसावी, बाकी त्याला काही नको होतं.

आता दुपारचे तीन वाजले होते आणि तो जमिनीवर पाच स्पीकर, एक काळा डबा आणि वायरींच्या जंजाळात मांडी घालून बसला होता. मालिका सहाला. डब्याच्या पाठीमागे इतकी भोकं होती की कारखान्याच्या मुख्य पॅनेललाही नसतील. त्याने स्टोअरच्या सवयीने प्रत्येक वायरीला दोऱ्याने चिठ्ठी बांधली, एक ते अकरा. मग लक्षात आलं की वायरीला दोन टोकं असतात. त्याने दुसऱ्या टोकांनाही चिठ्ठ्या बांधल्या, आणि त्यात सातचा आकडा तीनदा आला.

त्याने लेकीला फोन लावला.

“बाबा, टीव्हीच्या मागे एचडीएमआयचं भोक आहे ना? त्याच्याजवळ एआरसी लिहिलंय का?”

“नुसतं एचडीएमआय एक लिहिलंय.”

“मग तिथून आवाज बाहेर येणार नाही.”

“अगं, त्याच भोकात केबलवाल्याच्या डब्याची वायर आहे, तिच्यातून तर आवाज येतोय!”

“तो आत येतोय बाबा. आपल्याला बाहेर काढायचाय.”

“एकाच दारातून आत येतं नि बाहेर जाता येत नाही?”

“तुमचा टीव्ही जुना आहे, त्याला नाही जमत. लाल-पांढरी जोडी आहे का?”

“आहे. आणि पिवळी?”

“पिवळी चित्राची, तिला हात लावू नका. पण लाल-पांढरी नकोच, मधल्या स्पीकरला ऑप्टिकल वायर बरी. चौकोनी भोक शोधा, आत लाल उजेड दिसेल. आवाज त्यातूनच जातो.”

त्याने टीव्हीमागे डोकं घातलं. उजेड होता. आवाज उजेडातून जातो, हे मात्र त्याच्या काही केल्या पचनी पडेना. लेक थट्टा तर करत नाही ना, अशीही शंका आली. वायर लावली, ती सैल बसली. त्याने चिकटपट्टी लावली. चित्र झकास, आवाज ठार बंद. लेकीच्या सांगण्यावरून सेटिंगमध्ये शिरला, आवाजाचा पर्याय पीसीएम केला, तो बदलला, परत पीसीएम केला. एकदा टीव्ही भलत्याच भाषेत बोलायला लागला, म्हणजे लिहायला लागला, बोलत तर काहीच नव्हता. लेकीची मीटिंग सुरू झाली. साडेपाच वाजले. त्याचं डोकं पार भंजाळलं आणि खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी यायच्या बेताला आलं. पाच स्पीकर समोर मुके बसले होते.

तेवढ्यात बायको विणकाम ठेवून बाहेर आली. त्याच्या तोंडाकडे बघून काय ते समजली आणि शेजारी टेकली. चिकटपट्टी सोडवून तिने वायरीचं टोक हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि नखाने त्यावरचं पारदर्शक टोपण उपटायला लागली.

“अगं, राहू दे! नवीन आहे ते!” तो ओरडला.

टोपण त्यालाही दिसलं होतं. ते काढायचं असतं, हे मात्र त्याच्या मनाला शिवलंच नव्हतं.

तिला काही ऐकू आलं नाही. तिने टोपण काढलं, टोक भोकात दाबलं, ते टक्कन बसलं. आणि खोलीत एकदम टीव्हीतली बाई बोलायला लागली, इतकी स्वच्छ आणि इतकी मोठ्याने की कपाटावरचं तबक थरथरलं. तो अक्षरशः उडाला. आनंदाने त्याने बायकोकडे पाहिलं.

ती वायरीकडेच बघत होती. “आला का आवाज?” तिने विचारलं.

तिने जमिनीवर टाकलेलं ते एवढंसं टोपण त्याने उचलून हातात धरलं. मग तो उठला, आत गेला, कपाटातली डबी घेऊन आला आणि तिच्यासमोर उघडून धरली.

तिने आधी डबीकडे, मग दाराकडे बघितलं. “बाहेर जायचंय का कुठे?”

त्याने नकारार्थी मान हलवली. तिने मशीन कानात बसवलं, आणि लगेच दोन्ही हात कानांवर घेतले.

“अहो, केवढा हा आवाज! बंद करा आधी!”

त्याने सगळंच बंद केलं. पाच स्पीकर गप्प झाले. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि तिने वर बघितलं. तो तिच्या शेजारी प्लास्टिकवर बसला आणि अगदी हळू, त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला,

“चहा टाकू?”

“नको,” ती म्हणाली.

दोन वर्षांत घरात ती त्याला पहिल्यांदाच नको म्हणाली होती.