चार चाळीसची ऊब

सादायोशी ओगिनो वारला हे गावात दोन तासांत सगळ्यांना कळलं. कळलं नाही ते फक्त त्याच्या घरातल्या कमोडच्या सीटला. अंत्यसंस्कार उरकले, पाहुणे पांगले, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्याची बायको किनुए जागी झाली. पुन्हा झोप येईना म्हणून ती उठली, घरातल्या गारठलेल्या बोळातून चाचपडत संडासात गेली आणि बसली, तर सीट छान गरम. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार चाळीस झाले होते.

ही सादायोशीची वेळ. चाळीस हिवाळे त्याने नगरपालिकेची बर्फ काढायची गाडी चालवली. गाव जागं व्हायच्या आत रस्ता मोकळा झाला पाहिजे, म्हणून चार चाळीसला उठायचं आणि सव्वापाचला गाडीवर. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी हे त्याच्या शरीराला कोणी कळवलं नव्हतं. नोकरी सुटली, वेळ सुटली नाही.

माणूस तसा प्रेमळ, पण विजेच्या बाबतीत महाचिकट. टीव्ही बंद केला तरी त्याचा लाल दिवा जळतो म्हणून तो वायर उपटून ठेवायचा. अख्खा देश गरम सीटवर बसायला लागला तेव्हा त्याने बाजारातून सीटला घालायचं लोकरी कापड आणलं आणि म्हणाला, "बसलं की आपोआप गरम होतं." किनुएने तीस वर्षं त्या लोकरीवर काढली. दोन वर्षांपूर्वी कुवाबारा, म्हणजे सादायोशीचा शाळासोबती आणि गावातल्या एकुलत्या एक विजेच्या दुकानाचा मालक, त्याला म्हणाला की आता एक नवी सीट निघाली आहे. घरातली माणसं कोणत्या वेळेला बसतात ते ती स्वतः टिपून ठेवते आणि तेवढ्याच वेळेपुरती तापते. बाकी वेळ नावापुरती कोमट. सादायोशी दुकानात गेला आणि मुलगी पाहायला गेल्यासारखे शंभर प्रश्न विचारून आला. मग सीट घरी आली. संडासाच्या भिंतीवर त्याने आपल्या अक्षरात कागद लावला: झाकण लावा, ऊब उडून जाते. पाहुण्यांनाही त्यातून सूट नव्हती.

सीटबरोबर आलेली पुस्तिका त्याने जेवताना मोठ्याने वाचून दाखवली होती. त्यातलं एक वाक्य त्याला फार आवडलं. एखाद्या वेळेला सलग दहा दिवस कोणी बसलं नाही, तर सीट ती वेळ सोडून देते. "बघ," तो किनुएला म्हणाला होता, "उगाच मनात धरून बसत नाही."

त्या पहाटे गरम सीटवर बसून किनुएने बोटांवर हिशेब केला. इस्पितळातले पाच दिवस आणि नंतरचे चार, म्हणजे नऊ. ती आज योगायोगाने आली नसती, तर सीट उद्यापासून त्याला विसरली असती. तिला भीती वाटली. इस्पितळात वाटली नव्हती तेवढी.

तेव्हापासून ती रोज चार चाळीसला उठायला लागली. गरज असो नसो, कापूस भरलेला आखूड झगा अंगात चढवायचा, जायचं आणि दिवा न लावता बसायचं. तो दहा मिनिटं बसायचा, म्हणून तीही दहा मिनिटं. प्रार्थना वगैरे काही नाही. तिला बरं वाटायचं, एवढंच. मग झाकण लावून ती अंथरुणात परत यायची आणि डोळे उघडे ठेवून उजाडायची वाट पाहायची. याबद्दल ती कोणाशी बोलली नाही. बोलणार तरी काय?

एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी रविवारी होता. माणूस गेल्यावर एकोणपन्नास दिवस घरातच असतो, मग निघतो, असं सगळे मानतात. विधीसाठी मुलगा तोमोआकी शुक्रवारी रात्री सैतामाहून एकटाच आला. सुनेला येता आलं नाही, कारण नातीची प्रवेशपरीक्षा नेमकी त्याच दिवसांत आली होती. तोमोआकी सत्तेचाळीस वर्षांचा, एका मोठ्या कंपनीत हिशेबनीसांचा साहेब, आणि रजा घेणं त्याच्या जिवावर येत असे.

शनिवारी पहाटे त्याला बोळात पावलं वाजलेली ऐकू आली. तो उठून संडासाच्या दाराशी आला.

"आई? आत आहेस का?"

"आहे."

"काय करतेस?"

"संडासात माणूस काय करतो?"

"आणि दिवा?"

"बसायला दिवा कशाला लागतो? जा, झोप जा."

तो गेला नाही. बोळातल्या तापमापकात दोन अंश होते आणि त्याच्या पायाची बोटं बधिर झाली होती. गेल्या वर्षी समोरच्या होसोकाई काकू अशाच गेल्या. गरम पांघरुणातून उठून गार बोळात आल्या, रक्तदाब उसळला, तिथेच पडल्या. दुपारी शेजाऱ्यांनी दार उघडलं तेव्हा कळलं. दर हिवाळ्यात अशी म्हातारी माणसं जातात, बातम्यांत आकडे सांगतात आणि लांब राहणारी मुलं ते आकडे ऐकून फोन करतात.

न्याहारीला त्याने विचारलं, "रोज उठतेस?"

"वय झालं. मी म्हातारी झाले तसं मूत्राशयही झालं."

किनुएला खोटं बोलायची सवय नव्हती, पण हा विषय बरा होता. यात कोणी खोलात शिरत नाही. तोमोआकीने मान खाली घालून मिसोचं सूप संपवलं.

उद्याच्या विधीचं पक्कं करायला ती देवळात गेली. परत आली तेव्हा फाटकाशी कुवाबाराची छोटी गाडी उभी होती. कुवाबारा हत्यारं गोळा करत होता आणि तोमोआकी खूश होऊन त्याच्या मागे उभा होता.

"या वहिनी," कुवाबारा म्हणाला. "मुलगा असावा तर असा. सकाळी सातला फोन आला मला. आत छोटा हीटर बसवलाय आणि सीट आता चोवीस तास गरम. कधीही बसा."

"आणि आधीचं?"

"आधीचं काय?"

"वेळा. तिने लक्षात ठेवलेल्या."

"त्या पुसल्या. तोमोआकी म्हणाला, हवेत कशाला, सगळं नव्याने करा." कुवाबारा हसला. "सादाला कळलं ना, चोवीस तास वीज, तर उठून येईल तो." मग त्याचं लक्ष खोलीतल्या पांढऱ्या कापडाच्या वेदीकडे, तिच्यावरच्या अस्थिकलशाकडे गेलं आणि तो पुन्हा हत्यारं गोळा करू लागला.

किनुएने त्याचे आभार मानले. चहा दिला, मुळ्याचं लोणचं दिलं, दारापर्यंत जाऊन वाकून निरोप दिला. सगळं रीतसर केलं. मग संडासात जाऊन तिने कडी लावली आणि बसली. अकरा वीस झाले होते आणि सीट गरम होती. पुढे बाराला, दोनला, पाचलाही ती तेवढीच गरम असणार होती. या उबेवर आता कोणाचंच नाव नव्हतं. किनुएला मुलाचा मनस्वी राग आला आणि राग यावा असं त्याने काही केलं नव्हतं, याचा त्याहून जास्त.

दुपारी तोमोआकीने नूडल उकडले. दोघं समोरासमोर बसली.

"तुझ्या बाबांची वेळ पुसलीस तू," किनुए म्हणाली.

"कसली वेळ?"

तिने सांगितलं. वाडग्यात बघत, एका सुरात, पहिल्या दिवसापासून सगळं. तोमोआकीने चॉपस्टिक खाली ठेवल्या.

"म्हणजे इतके दिवस तू त्या थंडीत सीटसाठी बसत होतीस?"

"सीटसाठी नाही."

"मला सांगायचंस तरी."

"काय सांगू? फोन करून सांगू, की तुझे बाबा अजून संडासात आहेत?"

तोमोआकीला हसू आलं. ते त्याने दाबलं आणि पाण्याचा पेला उचलला.

"आई, पण उद्या एकोणपन्नासावा," तो पेला खाली ठेवून म्हणाला. "उद्या ते निघणारच ना."

"कुठे निघतील? अस्थी पुरायची ती कबर दोन मीटर बर्फाखाली आहे. गुरुजींनीच सांगितलं, अस्थी एप्रिलपर्यंत घरात ठेवा, बर्फ वितळल्यावर बघू. तोपर्यंत ते इथेच आहेत. आणि चार चाळीसला ते उठणार. त्यांना कोण थांबवणार?"

तोमोआकीने कुवाबाराला फोन लावला. कुवाबाराने दोनदा विचारलं, खरंच का, आणि मग म्हणाला की सीटला पुन्हा वेळा टिपायला लावता येईल, तो संध्याकाळी येऊन करून देईल. पण पुसलेलं परत येत नाही. तिला नव्याने शिकवावं लागेल. दहा दिवस, रोज त्याच वेळेला, कोणीतरी बसलं पाहिजे, आणि शिकेपर्यंत त्या वेळेला ती गारच लागणार.

"मी बसेन," किनुए म्हणाली.

"तू नाही बसायचं."

"हीटर लावलायस ना?"

"तो आत आहे. बोळात नाही. होसोकाई काकू बोळात पडल्या."

"मग पडेन."

"बाबांना घरात ठेवायला मी तुला घालवू का?" तोमोआकीचा आवाज चढला. या घरात तो असा कधी चढला नव्हता, आणि त्याचा त्यालाच धक्का बसला. छपरावरून बर्फाचा एक थर घसरून अंगणात पडला. दोघांनी उरलेले नूडल खाल्ले. ते फुगून लगदा झाले होते.

संध्याकाळी कुवाबारा येऊन बटणं दाबून गेला. चहाला थांबला नाही आणि पैशांचं विचारलं तर हात हलवून निघून गेला. रविवारी पहाटे किनुएचं पांघरूण हललं, तेव्हा शेजारच्या खोलीतून आवाज आला, "आई, झोप." ती पडून राहिली. चार चाळीस झाले, पाच झाले. गेल्या अठ्ठेचाळीस दिवसांत तिला एवढं एकटं वाटलं नव्हतं.

विधी व्यवस्थित झाला. गुरुजी आले, नात्यातली आठ माणसं आली, डब्यातलं जेवण जेवली, सादायोशीच्या चिकटपणाच्या गोष्टी सांगून हसली आणि बर्फ वाढायच्या आत निघून गेली. तोमोआकीची गाडी चार वाजता होती. त्याची बॅग दाराशी आली. किनुए त्याच्यासाठी भाताचे गोळे कागदात बांधत होती, तेव्हा बोळातून त्याचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं. साहेबांच्या घरी, रविवारी, फोन. तो भिंतीला वाकून नमस्कार करत बोलत होता.

"हो, वडिलांचंच. एक काम राहून गेलंय... दहा दिवस लागतील... नाही, वकिलांचं नाही, जमिनीचंही नाही... नाही साहेब, घरात दुसरं कोणी करू शकणार नाही... रोज पहाटे असतं... फार दिलगीर आहे."

बापाच्या मरणाला त्याने तीन दिवस रजा घेतली होती, आणि तिसऱ्या दिवशी तो अंत्यविधीच्या सभागृहाच्या जिन्यात बसून कंपनीच्या पत्रांना उत्तरं देत होता. किनुएने हे सगळं पाहिलं होतं.

तो आत आला, बांधलेल्या गोळ्यांपैकी एक सोडून उभ्या उभ्या खाऊ लागला.

"एक अट आहे. तू अंथरुणातून बाहेर आलीस की मी त्याच दिवशी जाणार."

"आणि तुला त्या वेळेला झालीच नाही तर?"

"बसून राहीन."

"झाकण लाव मग नंतर."

"माहीत आहे. भिंतीवर लिहिलंय."

सोमवारी पहाटे त्याच्या फोनचा गजर वाजला. पावलं फरपटत बोळातून गेली. दार उघडलं, लागलं. क्षणभराने आतून "आई गं" असं कोणीतरी दातांतून म्हणालं, कारण सीट अजून काही शिकलेली नव्हती. मग शांत झालं. लग्न झाल्यापासून बावन्न वर्षं, पहाटे ते दार वाजलं की किनुएला कळायचं, आपल्याला अजून दोन तास झोपता येतं. ती कुशीवर वळली आणि सात वाजेपर्यंत झोपली.