पालीचा हिरडा आणि विलायतेची बोट

गाडी जरा पुढे घ्या, मी हिरडा बोलतोय. राजगडाच्या पायथ्याला, पाली गावात, गोरखच्या अंगणात उभा आहे. पाय इथेच रुतलेले, पण माझी फळं सातासमुद्रापार जाऊन आली आहेत. बढाई नाही, खरंच!

माझ्या तरुणपणी इथली माणसं हिरडे झोडपून, वाळवून व्यापाऱ्याला घालायची. बैलांच्या पाठीवरून माल घाट उतरायचा, महाडहून गलबतानं मुंबईला आणि तिथून बोटीनं विलायतेला. तिथे माझ्या फळांनी कातडी कमावायचे. तिकडे साहेबाचे बूट टिकाऊ व्हायचे, इकडे पालीत कुडाच्या जागी विटांच्या भिंती उभ्या राहायच्या. मला तर वाटायचं, साहेबाचं राज्य माझ्याच जोरावर चाललंय.

मग तिकडे रसायनं आली. आमची मागणी आटली, व्यापारी फिरकेनासे झाले आणि गावची पोरं पुण्याची एसटी धरू लागली. मी आपला फळं टाकत राहिलो. दुसरं येतंय काय मला?

गेल्या दिवाळीत गोरखनं अंगणात ट्रेकवाल्यांसाठी पार्किंग काढलं. माझ्याकडे बघून आईला म्हणाला, "आये, ह्ये झाड काडलं तर आनखी गाड्या बसत्यात. सोमवारी कापायला येत्यात."

धोंडाबाई भडकली. "आरं, ह्याच्या हिरड्यावर तुज्या बाची शाळा झाली!"

"तवा झाली. आता कोन इचारतंय हिरड्याला?"

खोटं बोलला असता तर बरं वाटलं असतं. मी मुळापर्यंत घाबरलो.

रविवारी गाड्या आल्या. ऊन मी म्हणत होतं. पहिली गाडी थेट माझ्याखाली. दुसरीवाला म्हणाला, "दादा, आम्हालाही सावलीत द्या ना." तिसरा त्याच्याशी चक्क भांडला. हे म्हणे गड चढायला आले होते! बाकी अंगण मोकळं आणि माझ्याखाली ही गर्दी. संध्याकाळी गोरखनं फोन लावला, "उद्या येऊ नगा. झाड ऱ्हाऊ द्या."

धोंडाबाईनं बुंध्यावर हात ठेवला. फार बरं वाटलं. थोडा अपमानही झाला म्हणा. विलायतेशी व्यापार केलेला मी, आता गाड्यांची छत्री!

शेवटची गाडी निघाली, तेव्हा तिच्या काचेखालच्या खाचेत माझी पिकली फळं अडकली होती. कुणाच्याच लक्षात आलं नाही. मी फांदीही न हलवता बघत राहिलो. गाडी वळणाआड गेली.

तुमच्या गाडीवर ती फळं सापडली तर वायपरनं उडवू नका हो, कुठंतरी मातीत पुरा. फार वर्षांनी माझा माल पालीबाहेर निघालाय.