भोकं पाडणारा लेझर

दोन आरसे, दोन लांब इलेक्ट्रोड, वायूची एक बंद पेटी, तीन सिलिंडर आणि बाहेर एक भिंग. मला तपासायला आलेल्या दीपमालाने झाकण उघडून मोजलं तेव्हा माझ्यात एवढंच निघालं. मित्रांनो, मी एक जुना लेझर आहे. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत शेतातल्या ड्रिपच्या, म्हणजे ठिबकच्या, नळ्यांना बारीक भोकं पाडतो. माझा झोत सलग नसतो, त्याचे ठोके पडतात. एक ठोका, एक भोक. भोक गोल पडलं तर पहिल्या रोपाला आणि शेवटच्या रोपाला सारखं पाणी मिळतं.

सात वर्षं माझी भोकं गोल पडली. मग पेटीतले वायू शिळे झाले आणि माझा जोर ओसरला. आमच्याकडे जोर विटेवर बघतात. मशीन चालवणारे रामकिसन माझ्यासमोर वीट धरायचे, ठिणगी केवढी उडते ते पाहायचे. त्या दिवशी ठिणगी उडालीच नाही.

माझ्या दोन आरशांच्या मधोमध तेव्हा एक पितळी चकती होती, तिला बारा मिलिमीटरचं भोक. आरशांमध्ये उजेड येरझारा घालतो. कडेकडेनं भरकटणारा उजेड ती अडवायची आणि सरळ चालणाराच बाहेर सोडायची. रामकिसनना वाटलं, हिनंच माझा गळा आवळलाय. त्यांनी ती मायेनं काढली. विटेवर वीतभर ठिणगी उडाली! कारखान्याच्या शेठनी त्यांना सगळ्यांसमोर शाल-श्रीफळ दिलं.

मला मात्र त्या दिवसापासून भीती वाटू लागली. भरकटलेला उजेडही आता माझ्यातून बाहेर पडत होता. भोकं लांबट, फाटकी पडू लागली. मला ठाऊक होतं काय हरवलंय, पण सांगायला तोंड नव्हतं. टेंभुर्णीच्या शेतकरी उषाबाई एक दिवस नळीचं भेंडोळं घेऊन आल्या आणि शेठच्या टेबलावर टाकून म्हणाल्या, "ही नळी हाय का चाळणी? पहिल्या सरीत बेडकं पवून राह्यलेत अन् शेवटची सरी कोरडी ठक्क!"

तेव्हा शेठनी दीपमालाला बोलावलं. ती भौतिकशास्त्र शिकलेली, जाफराबादहून रोज एसटीनं यायची. झोत किती नीट आहे याचा एक आकडा असतो. उत्तम झोताचा आकडा एक. विस्कटत जाईल तसा आकडा वाढतो. शेठ म्हणाले, "शनिवारपर्यंत दोनच्या खाली आला तर ठेवू. न्हाई तर भंगार."

मित्रांनो, जालन्यात भंगार म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेल. पलीकडेच लोखंडाची भट्टी आहे. तिची घरघर माझ्या पायांपर्यंत येते. बुधवारी भंगारवाला येऊन माझ्या पोटावर टिचक्या मारून गेला. "तांबं वेगळं काढू. बाकीचं भट्टीला," तो म्हणाला. मी हादरलो.

दीपमालाने एसटीची जुनी तिकिटं आणली. त्यांचा कागद चटका बसला की काळा पडतो. भिंगापासून वेगवेगळ्या अंतरांवर तिकीट धरून ती एकेक हलका ठोका मारायची आणि काळा ठिपका मोजायची. पहिला आकडा आला ४.७. तिने आरसे पुसले, वायू ताजे भरले, आरसे समोरासमोर आणले. शुक्रवारी दुपारी आकडा आला ४.१.

ती डोकं धरून बसली. रामकिसन तिच्या मागे उभे होते. मग त्यांनी टूलबॉक्सच्या तळातून एक चिंधी काढली.

"ताई, हे बघा. मीच काढल्ती."

चकती होती.

"काका! कधी काढली?"

"शाल मिळाली ना, त्याच्या आदल्या दिवशी. समदे म्हणले जोर वाढला. मंग कोणत्या तोंडानं सांगू?"

"वीट फक्त जोर सांगते, काका. ठिपका कसा पडतो ते वीट सांगत नाही."

"पण ही बसवली तर जोर कमी होईल."

"होईल. पण राहील तेवढा एका जागी पडेल. भोकाला तेवढा पुरतो."

"मला काढतील का हो?"

"ते मला माहीत नाही. पण शेठला तुम्हीच सांगा."

ते गेले. दाराआडून मला त्यांचा आवाज ऐकू आला. मग शेठ म्हणाले, "शाल परत आणू नको. चकती बसव. उद्या आकडा आला न्हाई, तर तू अन् मशीन दोघं बरोबर जा."

मित्रांनो, एखादा भाग वाट अडवतो म्हणून तो काढून टाकू नका. तो काय अडवतो, ते आधी विचारा. आणि चूक झालीच, तर चिंधीत बांधून ठेवू नका. तिच्यापायी मी चार महिने रोज भीत भीत काम केलं.

शनिवारी दारात भंगाराचा टेम्पो उभा होता. चकती दीपमालाने धरली आणि स्क्रू रामकिसननी आवळले. माझे ठोके पडू लागले. तिने नऊ तिकिटांवरचे नऊ ठिपके मोजले, बेरीज-गुणाकार दोनदा केला आणि वहीत लिहिलं : १.६.