तेलाची बाटली

मी एक शिलाईचे मशीन आहे. बंगळूरच्या चामराजपेटेत, मल्हारराव शिंप्यांच्या दुकानात मी १९५२ साली आले. मित्रांनो, तेव्हा माझ्या काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी बघायला गल्लीतली माणसे थांबत.

मला चालवायचा मल्हाररावांचा मुलगा जयसिंग. वीस वर्षांचा. त्याची टीप इतकी सरळ, की दुसऱ्याच्या हातचा कोट गिऱ्हाइकाला नको असे. लग्न होऊन कौशल्या घरात आली आणि काजे-बटणे करू लागली. दोघे माझ्याजवळ बसून बोलत. ते माझे चांगले दिवस.

मग जयसिंगचे दोस्त नव्या कारखान्यांत लागले. सुटीच्या दिवशी ते त्याला बोलवायला येत. एकदा तो लाल डोळ्यांनी घरी आला. मल्हाररावांनी विचारले, तर बोटांची चिमूट दाखवून म्हणाला, "अण्णा, स्वल्प घेतली. एवढीशी."

त्या चिमटीला सगळे हसले. मल्हाररावसुद्धा. पुढे घरात तो चेष्टेचा शब्दच झाला. "काय जयसिंग, आज स्वल्प का?"

दोन वर्षांत त्याच्या पायाची लय बिघडली. टीप वाकडी जाऊ लागली. सुईत दोरा ओवायला तो कौशल्येला हाक मारी.

खंडेनवमीला आमची, म्हणजे हत्यारांची, पूजा असते. आदल्या दिवशी कौशल्येने मला पुसले. माझ्या खणातली तेलाची बाटली काढून चार थेंब सोडले आणि थांबली. बाटली नाकाशी नेली.

"अहो, हे तेल कसलं?"

"मशीनचंच. का?"

"मशीनला तुमच्या तोंडासारखा वास येतोय."

या वेळी कोणी हसले नाही. मल्हाररावांनी तिच्या हातून बाटली घेतली. "उद्या याची पूजा करायची, आणि आज सुनेच्या हातून याला दारू पाजलीस रे?"

दुसऱ्या दिवशी मला हळदकुंकू लावले, झेंडूची माळ घातली. जयसिंगने माझ्यावर हात ठेवून शपथ घेतली.

शपथ सव्वा महिना टिकली. पुढे कावीळ झाली. सव्विसाव्या वर्षी जयसिंग गेला.

आता कौशल्या मला चालवते. मल्हारराव काजे करतात. बाटली तीच आहे. तिने ती टाकली नाही, गरम पाण्याने धुऊन घेतली.

मित्रांनो, माझ्यासारख्याने धूळ झटका, तेल घाला एवढेच मागावे. पण तुमच्या घरात कोणी चिमूट दाखवून "स्वल्प" म्हणाले, तर हसू नका. तो हात तिथेच धरा. आमच्या घरात कोणी धरला नाही.

आता बाटलीत तेल कौशल्या स्वतःच भरते. आत दुसरे काही असणार नाही, हे तिला ठाऊक असते. तरी मला घालण्याआधी ती बाटली हुंगते.