गोफणीची कंबर

आष्टीच्या ठाण्यातल्या सिदू शिपायाचा बंदुकीचा नेम झोपून बरोबर बसायचा, गुडघा टेकूनही बसायचा. उभ्यानं मात्र गोळी चांदाच्या, म्हणजे निशाणाच्या गोलाच्या, डावीकडून जायची, आणि दर वेळी तेवढीच डावीकडून. संक्रांतीनंतर बीडहून पोलिसांचे मोहतमीम, जिल्ह्याचे मोठे साहेब, चांदमारी बघायला येणार होते. उभ्यानं ज्याची एकही गोळी चांदात बसणार नाही, त्याचा पट्टा उतरणार होता, नोकरी जाणार होती.

"डावं कोपर बरगडीला टेकव," जमादार आप्पाराव सांगत. "वजन हाडावर घे. नळी हालंल, हालू दे. अर्धा श्वास सोड आन् घोडा हळू दाब."

सिदू सगळं तसंच करी. नळीचं टोक चांदाभोवती फिरे, फेरा लहान होत जाई. पण घोडा सुटताच त्याची कंबर गर्रकन वळे आणि तोंडातून "होऽऽ" निघून जाई.

"पाखरं राखतो का बे?" सोबतचा शिपाई भारत मागून ओरडे. जवान हसून लोळत.

"काहून करतो रे असं?" आप्पाराव रागावत नसत. सिदूला त्याचंच जास्त लागे.

"मी करीत न्हाई, जमादार. आपसूक व्हतंय."

लहानपण त्याचं ज्वारीतल्या माळ्यावर, मचाणावर उभं राहून पाखरांवर गोफण फिरवण्यात गेलं होतं. कंबर वळल्याशिवाय दगड सुटत नाही. झोपल्यावर, गुडघा टेकल्यावर ती जमिनीनं धरलेली असे, उभ्यानं धरायला कुणी नव्हतं.

म्हणून आप्पारावांनी त्याला दोरीनं बाभळीला बांधलं. गोळ्या चांदात बसू लागल्या. सिदू रोज बाभळीला पाठ लावून उभा राहू लागला.

साहेबांसमोर बाभळ नव्हती. कोपर टेकलं, श्वास अर्धा सुटला, कंबर जागची हलली नाही. फक्त घोडा दाबताना पाठ टेकायला मागं गेली. मागं काहीच नव्हतं. गोळी चांदामागच्या मातीच्या बांधावरून निघून गेली. दुसरी गेली, तिसरीही. प्रत्येक वेळी सिदूला आधीच कळत होतं, आणि पाठ तरीही जात होती.

आप्पारावांनी स्वतःच त्याचा पट्टा सोडला. बकल त्यांच्या हातून लवकर निघेना.

सिदू घरी आला. ज्वारी हुरड्यात आली होती, चिमण्यांचा थवा कणसांवर उतरला होता. आई तुळजाबाईनं गोफण पुढं केली. "जा बाबा, माळ्यावर."

सिदूनं दगड घातला, गोफण फिरवली, दोरी सोडली. कंबर वळली नाही. दगड माळ्याखालीच ज्वारीच्या ताटांत पडला.

चिमण्या उडाल्यासुद्धा नाहीत.