चाळीस जोर

जोतीराम पैलवानाला मोजायचं तर हजारानंच मोजायचं, ही तासगावाकडच्या साऱ्या तालमींची रीत. बाराशे जोर, दोन हजार बैठका, पाच शेर दूध. याच्या आतला आकडा तोंडातून काढला की लंगोट लावणाऱ्याची अब्रूच गेली म्हणायची. आता या गड्याला गुडघा दुखावला म्हणून कुस्ती सोडून नऊ वर्षं झाली होती. जोर सुटले, बैठका सुटल्या, खुराक मात्र सुटला नाही. जर्मनच्या लढाईमुळं बदाम मिळेनासे झाले, तर पठ्ठ्यानं शेंगदाण्यावर भागवलं, पण वाटी रिकामी ठेवली नाही. व्हायचं तेच झालं. सांगलीच्या स्टेशनावर हमालांनी थट्टेथट्टेत सामानाच्या काट्यावर उभा केला, तर तीन मण भरला!

बरं, व्यायाम अजिबातच करत नव्हता असंही नाही. वर्षातनं दोन-तीनदा त्याला लहर यायची. मग तालमीत जाऊन एका दमात पाचशे बैठका मारायच्या आणि पुढचे आठ दिवस बाजल्यावर कण्हत पडायचं. चाळीस-पन्नास मारून थांबावं, हे त्याच्या सात जन्मांत मनात आलं नसतं. चाळीस काय, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी मारावेत!

त्या साली नागपंचमीला अशीच लहर आली. "आज हजार," म्हणाला. तालमीतल्या पैलवानांनी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. तीनशे चाळिसाव्या बैठकीला त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि तो तांबड्या मातीत आडवा झाला. चौघांनी उचलून घरी आणला तेव्हा ओठ निळे पडले होते.

बायको शालूबाई रडली नाही. त्यानं डोळे उघडेपर्यंत ती कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवत राहिली, मग बोलली.

"आवं, मामंजीस्नी बेचाळिसाव्या वर्साला असंच तालमीतनं उचलून आणलं हुतं. कुस्ती सोडली, खुराक सोडला न्हाई. तुमास्नी एकेचाळिसावं लागलंय. माज्या कपाळीबी तेच लिवायचं ठरीवलंय का?"

 बापाचं ते फुगलेलं पोट, धापा टाकत घेतलेला शेवटचा घोट, सगळं जोतीरामाला आठवत होतं. पहिल्यांदाच तो मनापासून भ्याला.

अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला एकच नाव सुचलं, आदगोंडा पाटील. सांगलीच्या खाली, कृष्णेच्या काठचा जैन शेतकरी. जोतीरामाच्या बापाच्या जोडीचा पैलवान. दोघांनी एका साली कुस्ती सोडली. बाप गेला आणि हा सत्तरीला टेकला तरी ताठच्या ताठ. एकतीस वर्षांमागं कुस्तीच्या फडात बक्षीस मिळालेला गरम कोट घालून तो मागच्या हिवाळ्यात एका लग्नात आला होता, आणि कोटाची सगळी बटणं लागत होती! तालमीतल्या लोकांनी तेव्हाच पैजेवर सांगितलं होतं, म्हातारा दार लावून रोज दोन हजार जोर मारतो.

अंगात बळ येताच जोतीराम त्याच्या दारात जाऊन उभा राहिला आणि पाया पडून म्हणाला, "अण्णा, मला मरायचं न्हाई. तुमी काय करता ते दावा."

आदगोंडानं त्याला वरखाली न्याहाळलं. डोळे पाणावले त्याचे. मित्राचीच चण होती समोर. "ऱ्हा चार दीस," म्हणाला. "दावण्यासारकं काय न्हाई. बघशील ते बघ."

दुसऱ्या दिवशी उजाडताना म्हातारा घरामागच्या परड्यात आला, लंगोट लावला आणि जोर काढू लागला. घाई नाही, हूं नाही की चूं नाही. पाठीवरचं कातडं सैल, पण आतला गडी सरळ. चाळीस जोर झाले. शंभर बैठका झाल्या. मग आंघोळ करून बस्तीत जिनदेवाचं दर्शन घेऊन आला. जोतीराम कट्ट्यावर वाट बघत बसलेला. हे तर अंग मोकळं करणं झालं, आता खरी मेहनत सुरू होईल. तोवर म्हातारा पायांत वहाणा घालून मळ्याकडं निघालासुद्धा.

मळा दीड कोस. जाताना जोतीराम तीनदा बांधावर टेकला. म्हाताऱ्यानं दिवसभर खुरपलं, वैरण कापली, पाटाचं पाणी फिरवलं आणि तिसऱ्या प्रहरी चालत परतला. दिवस मावळायच्या आत जेवला. दीड भाकरी, आमटी, वाटीभर दूध. आणि हात धुतले!

"अण्णा," जोतीराम कळवळून म्हणाला, "पाच शेर दूध पिणारा माणूस तुमी. बाबा सांगायचं. ते कुटं गेलं?"

"ते कुस्तीसाठी हुतं रं. कुस्ती गेली, मग ते कुणासाठी प्यायचं?"

"आन् जोर?"

"मारले की सकाळी. डोळं मिटलं हुतंस काय?"

जोतीरामाला राग आला, अगदी खरा राग आला. म्हातारा लपवतोय! तीन दिवस त्यानं पाळत ठेवली. तीनही दिवस चाळीस जोर, शंभर बैठका, मळ्याची वाट. एक जास्ती नाही, एक कमी नाही. चौथ्या दिवशी आदगोंडा मळ्याकडं गेल्यावर तो त्याच्या बायकोपाशी, आक्काताईपाशी जाऊन बसला. ती जोंधळे पाखडत होती.

"काकी, तुमीच खरं सांगा. अण्णा बाकीचे जोर कवा मारतात?"

आक्काताई हसली. "बाकीचे कसले बाबा? चाळीसच. एकतीस वर्सं झाली."

"एवढ्यानं काय हुतंय?"

तिनं सूप खाली ठेवलं. "मोट्या पुराच्या साली आमी तीन दीस माळवदावर हुतो. खाली कृष्णामाई, वर आमी आणि चार शेरडं. तितंबी ह्यांनी चाळीस मारले. लोकं झाडांवरनं बघत हुती." सुपातला एक खडा वेचून तिनं बाजूला टाकला. "माझा थोरला लेक पटकीनं गेला. बावीस वर्साचा. ह्ये मसणातनं आले, आंघोळ केली आणि परड्यात गेले. मी दारात उभी. जोर मारत हुते आणि ढसाढसा रडत हुते. चाळीस झाले तवाच उठले. मी वर्सभर बोलले न्हाई ह्यांच्याशी. असला कसला माणूस म्हणून."

"मग?"

"मग वर्सानं इचारलं. म्हणाले, त्या दिशी चुकलो असतो तर दुसऱ्या दिशी उठलो नसतो. मला तुलाबी सांबाळायचं हुतं."

जोतीरामाच्या अंगावर सर्रकन काटा आला. एकतीस वर्षं! त्यानं मनातल्या मनात जोर मोजून बघितले आणि मोजता येईनात. त्यानं उभ्या हयातीत मारलेले सगळे हजार त्यापुढं खेळणं वाटले. पुरातले चाळीस, लेकाची राख हातावर असतानाचे चाळीस. हे असलं बळ त्यानं कुठल्या फडात बघितलं नव्हतं. संध्याकाळी म्हातारा मळ्यातून येताना दिसला, डोक्यावर वैरणीचा भारा, पाय सारखे पडत होते. जोतीराम न राहवून उठून उभा राहिला, देवापुढं उभं राहावं तसा.

"अण्णा, मी किती मारू?"

"उद्या परत मारता येतील तेवढं."

"म्हंजी किती?"

"ते मला काय ठावं? तुझं अंग तुला सांगंल. जास्त मारलंस तर उद्या लबाडी करशील."

सकाळी म्हाताऱ्याच्या शेजारी त्यानं अकरा मारले. बारावा निघत होता, पण म्हाताऱ्यानं खांद्यावर हात ठेवला आणि तो थांबला. एवढ्याशा थांबण्याला त्याला जेवढी ताकद लागली, तेवढी कुस्तीतसुद्धा कधी लागली नव्हती. मग दोघं मळ्याकडं निघाले. त्या दिवशी तो वाटेत दोनदाच टेकला.

गावी परतल्यावर पहिली गोष्ट त्यानं काय केली असेल? घरात दार लावून अकरा मारले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण त्याला स्वतःची खोड चांगली ठाऊक होती. चोरून केलेलं चार दिवसांत सुटणार. तो भर सकाळी तालमीत गेला आणि मातीत उतरला. सगळे पैलवान गोळा झाले. नागपंचमीचा प्रकार सगळ्यांनी बघितला होता. वस्ताद आप्पासो गडबडीनं पुढं आले. "जोत्या, आता हजाराचा नाद सोड. मोजणारा कुणी मिळायचा न्हाई तुला."

"तुमीच मोजा, वस्ताद. लय येळ लागणार न्हाई."

वस्ताद मोजू लागले. अकरा झाले आणि जोतीराम उठून हातांची माती झाडू लागला. क्षणभर कुणाला कळेना. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळी तालीम खदखदून हसली. "पैलवान, म्होरलं कुटं गेलं?" जोतीरामाचे कान लालेलाल झाले. पाय बाहेर पळ म्हणत होते. हात म्हणत होते, वाक खाली आणि दाखव एकेकाला. तो तसाच उभा राहिला, हसणं संपेपर्यंत.

"म्होरलं उद्या," तो म्हणाला.

घरी शालूबाई उंबऱ्यात उभी होती. पुन्हा तालमीत गेल्याचं तिच्या कानावर आलं होतं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्याच्या ओठांकडं बघत तिनं विचारलं, "किती मारलं?"

"अकरा."

तिला खरं वाटेना. तिनं त्याच्या छातीवर तळवा ठेवला. आत नेहमीची धडधड नव्हती, श्वास सावकाश चालला होता. नागपंचमीला न रडलेली ती बाई तिथंच उंबऱ्यावर मटकन बसली आणि पदर तोंडाशी धरून रडायला लागली.