नात्याचा रकाना

चामराजपेटेतल्या नऊ खाटांच्या त्या शुश्रूषा केंद्राच्या नोंदी कॉम्प्युटरवर आणायचं काम प्रतिमानं आपणहून अंगावर घेतलं होतं. यूट्यूब बघून बघून शिकलेली बाई. कुणी गुरू नव्हता, त्यामुळे कुणाची भीडही नव्हती. शिवाय कंबरेचं हाड मोडल्यापासून सासूबाई, म्हणजे विठाबाई, इथंच होत्या. रोजचं येणं होतंच.

मॅनेजर गुरुप्रसादनं नवा नियम केला होता: पेशंटला हलवायचं, तर 'जबाबदार नातेवाईक' या रकान्यात ज्याचं नाव, त्याचीच सही लागणार. आणि नेमकी आज नणंद वसुमती शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या व्हाइटफील्डहून गाडी घेऊन हजर! आईला तिच्या फ्लॅटजवळच्या मोठ्या नर्सिंग होममध्ये न्यायला.

"माझं नाव टाक," वसुमती उभ्याउभ्याच म्हणाली.

"वन्सं, तुमचा भाऊ गेल्यापासून त्यांचं सगळं मी करतेय. तिकडं त्यांच्याशी मराठी-कन्नड कोण बोलणार? मी रोज कशी येणार?"

"म्हणजे प्रश्न तुझ्या येण्याचा आहे. आईचा नाहीच."

प्रतिमानं कीबोर्ड पुढं ओढला. स्वतःचं नाव टाइप केलं, जरा जोरातच. पुढचा रकाना नात्याचा. तिनं यादी उघडली: नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, जावई.

ती थांबली. यादी पुन्हा वर-खाली केली. जावईसुद्धा होता. सून नव्हती.

यादी तिनंच केली होती. एका हातानं सासूबाईंचा मऊ भात ढवळत.

वसुमतीनं वाकून वाचलं आणि खो खो हसली. "अगं, तूच बनवलंस ना हे? स्वतःलाच विसरलीस?"

"आत्ता घालते. मिनिटाचं काम."

"घाल की. हवं तेव्हा हवं ते नातं! गुरुप्रसाद, असंच चालतं का तुमच्याकडे?"

"अक्का, स्वल्प हळू," गुरुप्रसाद म्हणाला. "आजी चांगल्या शुद्धीत आहेत. त्यांनाच विचारू या."

शेजारच्या खाटेवरनं विठाबाईंनी दोघींकडं आळीपाळीनं बघितलं.

"लेकीचं घाला," त्या म्हणाल्या. "हिच्या हातचं अळणी खाऊन जीव विटलाय माझा."

"बीपी आहे म्हणून अळणी, आई!"

"मग ते बीपीला खाऊ घाल जा."

वसुमती विजयी हसली. प्रतिमानं आपलं नाव खोडलं, तिचं टाकलं. नातं: मुलगी. सेव्ह. काम चोख झालं.

कागदावर सही करता करता वसुमतीनं विचारलं, "गोळ्या घेते ना नीट?"

"सगळं नोंदीत आहे," प्रतिमा म्हणाली. "छापून देतेय ना तुम्हाला. वाचा."

गोळ्यांची नावं होती, वेळा होत्या. घेते की नाही, यासाठी रकानाच नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भोगू दे म्हणावं.

भाग्यलक्ष्मी आयानं व्हीलचेअर ढकलत नेली. विठाबाईंनी मागं वळूनही पाहिलं नाही. दारं लागली, गाडी सुरू झाली, तशी प्रतिमा तरातरा बाहेर आली आणि तिनं काच ठोकली. वसुमतीनं ती चार बोटं खाली केली.

"गुळाच्या खड्यात लपवून द्यायची गोळी. नुसती दिली तर गालात धरतात आणि मागनं थुंकतात."

"अगं ए, चोंबडे!" आतून विठाबाई कडाडल्या.

वसुमतीनं काच वर केली.